कडूबाईची गाठ, संस्कृतीचे डोळे

दवाखान्यात कुणी काही विचारलं की कडुबा आधी "व्हय" म्हणायचा आणि प्रश्न काय होता याचा विचार मागाहून करायचा. आजोबा, जेवलात का? व्हय. पोरीला रात्री ताप होता का? व्हय. म्हणजे होता? नाय, नव्हता. सिस्टर कपाळावर हात मारून घ्यायची. पण त्याचा तरी काय दोष हो! सगळी हयात लासूर स्टेशनच्या बाजार समितीत मापाडी म्हणून गेली. तिथं पोत्यात गहू असला तर गहूच असायचा, दुपारून त्याची ज्वारी होत नसे. इथं सगळा उलटा बाजार. औषध चढवलं की पोर बरी व्हायची सोडून ओकायची. डोक्यावरचे केस हातात आले तर डॉक्टर म्हणायचे, चालायचंच, औषध लागू पडतंय. आणि परवा पोर चांगली हसत-खेळत होती, तर डॉक्टरीणबाईंचा चेहरा पार उतरला. आता माणसानं समजायचं तरी काय?

ते परवाचंच आधी सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल की म्हातारा उगाच बावचळला नव्हता.

ही पोर म्हणजे कडुबाची नात, त्याच्या शिवराजची मुलगी, चार वर्षांची. जन्मली तीच डोळ्यांचं वेगळेपण घेऊन. तुमच्या-आमच्या डोळ्यात मधल्या बाहुलीभोवती तपकिरी चकती असते ना, ती हिच्या डोळ्यांत नव्हतीच. नुसती मोठीच्या मोठी काळी बाहुली. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "काय बाई काळेभोर डोळे!" त्यांना काय ठाऊक, ती चकती उजेड अडवायला असते. हिच्याकडं अडवणारं कुणी नाही, सगळं ऊन थेट आत. अंगणात आली की डोळे गच्च मिटायची आणि आबाच्या धोतरात तोंड खुपसून उभी राहायची. त्यात औंदा आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात काहीतरी टणक लागलं. शहरात आणलं, फोटो काढले. मूत्रपिंडाला गाठ निघाली, कॅन्सरची. आधी कीमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलं.

कीमो सुरू होऊन काही आठवडे गेले आणि पोरीच्या पापण्या खाली ओघळल्या. डोळे अर्धे मिटलेले, झोपेतून उठल्यासारखे. आणि गंमत बघा, तीच पोर भर दुपारी व्हरांड्याच्या उन्हात पळायला लागली! मान वर करून. जन्मात पहिल्यांदा तिनं समोरच्या लिंबाच्या झाडावरचा कावळा बघितला आणि टाळ्या पिटल्या. कडुबाला तर काय करू नि काय नको झालं. तो धावत डॉ. निलोफरकडं गेला.

"डाक्टरीणबाई, लई गुण आला तुमच्या औषधाला! डोळं सुदिक बरं झालं पोरीचं. उन्हात पळू लागलीय."

डॉ. निलोफर म्हणजे वयानं त्याच्या शिवराजएवढी. शहरातल्या शहागंजाच्या बाजूला वाढलेली, मराठी बोलता बोलता मधेच दख्खनीत घसरणारी, पण लेकरांजवळ बसली की तासभर उठायची नाही. ती आली, पोरीच्या पापण्या बोटानं उचलून बघितल्या.

"बाबा, हे बरं नाही झालं," ती म्हणाली. "औषधानं पापणीची नस सुस्त पडलीय. पापणी वर जात नाही, म्हणून उजेड आत कमी जातो. म्हणून तिला बरं वाटतंय. डोस कमी करावा लागणार."

"बरं वाटू लागलंय तर कमी कामून? वाढवा की थोडका!"

निलोफरला हसूही आलं आणि रडूही. कडुबाला यातलं एकही कळलं नाही. जे बरं दिसतं ते वाईट, जे वाईट दिसतं ते बरं. तो बाकड्यावर येऊन बसला आणि कितीतरी वेळ नुसता टोपी काढत-घालत राहिला.

ही निलोफर नुसती औषधं देणारी डॉक्टर नव्हती, तिचं संशोधन चालू होतं. जी लेकरं डोळ्यांतली अशी खोट घेऊन जन्मतात आणि त्यांतल्या काहींना पुढं किडनीची गाठ होते, त्यांना कीमो कशी झेपते, डोळ्यांवर काय परिणाम होतो, हे ती बघत होती. लाखांत एखादं असं लेकरू. म्हणून तर पहिल्याच दिवशी तिनं कडुबाला विचारलं होतं, "बाबा, पोरीचे डोळे आधी कुठं दाखवले होते का? रक्त तपासायला घेतलं होतं कुणी?"

आणि प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हणणारा कडुबा त्या एका प्रश्नाला ठासून म्हणाला होता, "नाय."

खोटं बोलला. सपशेल खोटं बोलला. पण का बोलला ते ऐका, मग काय रागवायचं ते रागवा.

कडुबाच्या आधी त्याच्या आईला दोन पोरं झाली होती. गोरीगोमटी, आणि नावंही तशीच गोजिरवाणी. दोन्ही गेली. तिसरा हा झाला तेव्हा तिनं बारशाला जमलेल्या बायांना सांगितलं, याचं नाव कडू. यमानं तोंडात घातला तरी थुंकला पाहिजे. आणि खरंच की! पटकी येऊन गेली, विहिरीत पडून झालं, त्या कोरोनात शेजारची धडधाकट माणसं गेली. कडुबा सत्तरी ओलांडून ठणठणीत. आता याहून मोठा पुरावा कोणता आणायचा?

त्यात धंदा मापाड्याचा. धान्याचं पहिलं माप टाकताना मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. का? तर पहिल्याच शब्दानं रास वाढली पाहिजे. आपण तरी काय करतो? बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. शब्द तोंडातून गेला की तो काहीतरी करून येतो, असं कडुबाचं पक्कं मत. तुम्ही हसाल, पण तुम्हीही घरातून निघताना येतोच म्हणता.

तर सुनेनं, दीपमालानं, बारशाला पोरीचं नाव ठेवलं संस्कृती. बारावी शिकलेली पोर, हौसेनं ठेवलं. कडुबाला ते तेव्हाच खटकलं होतं. एवढं गोड, एवढं लखलखीत नाव! पण सुनेची हौस त्याच्यानं मोडवली नाही. तेव्हा शिवराज वाळूजला कंपनीत होता, बिऱ्हाड तिकडंच. पोरीचे डोळे दाखवायला दीपमाला तिला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. तिथं संस्कृती हेच नाव सांगितलेलं. त्यांनी रक्त घेतलं, लांब कुठंतरी तपासायला पाठवलं. पुढं कंपनी सुटली, बिऱ्हाड लासूरला आलं, वाळूजचा फोन नंबर बंद पडला आणि ते जाणं-येणंच थांबलं. शिवराज सुरतेच्या लाइनीला ट्रक चालवायला लागला. गाठ निघाली तेव्हा दीपमालाला आठवा महिना. ती अजिंठ्याला माहेरी गेली आणि पोरीचं सगळं म्हाताऱ्याच्या गळ्यात आलं, डॉक्टरांनी काही विचारलं तर उत्तर द्यायलाही तोच.

फुकट उपचाराच्या योजनेसाठी कागद लागले. बघतो तर काय, ग्रामपंचायतीतल्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरीच. रेशनकार्डावर तर पोरगी चढवलेलीच नव्हती. दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "नाव काय टाकू?" कडुबानं त्या कोऱ्या जागेकडं बघितलं. त्याला वाटलं, ही जागा देवानं आपल्यासाठीच मोकळी ठेवलीय.

"कडूबाई," तो म्हणाला.

झालं! कॅन्सरच्या दवाखान्यात पोर कडूबाई शिवराज, लासूर स्टेशन. आणि कडुबाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. गाठ आहे ती कडूबाईच्या पोटात. सुया टोचतात त्या कडूबाईला. संस्कृती वेगळी, ती घरी सुखरूप. दोघींची गाठ पडू द्यायची नाही, बस्स. येताना गाडीत त्यानं पोरीलाही शिकवलं, "दवाखान्यात तुझं नाव कडूबाई. संस्कृती घरी हाय, समजलं का?" पोरीला तो खेळच वाटला. शिवराजला योजनेचं कार्ड दिसलं तेव्हा तो कुरकुरला, पण कडुबानं त्याला उडवून लावलं. "अरे, तुझ्या शहराची पाटी बदलली, स्टेशनाची बदलली. अर्धे लोक अजून औरंगाबादच म्हणत्यात, म्हणून रेल्वे चुकून दुसरीकडं गेली का? दोन नावं चालत्यात माणसाला." शिवराजला ट्रक काढायचा होता. तो निघून गेला.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्याआधी निलोफरनं कडुबाला समोर बसवून एकेक गोष्ट समजावली.

"बाबा, नीट ऐका हां. ही गाठ आपली आपण झाली असेल, तर त्या बाजूची अख्खी किडनी काढतात. दुसरी पुरते माणसाला. पण डोळ्यांची खोट आणि ही गाठ एकाच मुळातून आली असेल, तर पुढं दुसऱ्या किडनीलाही धोका असतो. मग पोरीजवळ काहीतरी राहावं म्हणून नुसती गाठ काढायची आणि त्या बाजूची किडनी जमेल तेवढी वाचवायची. ते काम लई नाजूक. सर्जनसाहेब म्हणतात, मूळ एकच आहे याचा रक्ताचा रिपोर्ट दाखवा, मगच करतो. मी रक्त पाठवलंय, पण रिपोर्टला वेळ लागतो. गाठ तोवर थांबणार नाही."

"व्हय," कडुबा म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजी काय?"

"म्हणजे रिपोर्ट नसेल तर किडनी पूर्ण जाणार. डोळ्यांच्या दवाखान्यातही विचारलं मी, कडूबाई नावाची कुणी आलीच नव्हती. तुम्हाला नक्की आठवतं ना, कुठं नेलं नव्हतं?"

कडुबाला हे पटेना. डोळ्यांचं मूळ आणि पोटाचं मूळ एक? डोळे कुठं, किडनी कुठं! वर कपाळाखाली आणि खाली कमरेपाशी. हे म्हणजे लासूरच्या विहिरीचं पाणी दौलताबादच्या हौदात निघाल्यासारखं. त्याला वाटलं, डॉक्टरीण काहीतरी युक्तीनं आपल्याकडून ते नाव काढून घेतेय.

"नाय नेलं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो पोरीला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या हॉलमध्ये बसला होता. हॉल खच्चून भरलेला. तेवढ्यात अभय आला. अभय दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांची कामं बघायचा, हाका मारून मारून घसा बसलेला माणूस. तो मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "संस्कृती! वाळूजची संस्कृती कोण आहे का? आईचं नाव दीपमाला! संस्कृती!"

कडुबानं पोरीला पोटाशी ओढलं. इथं हे नाव कुणाला माहीत? कुणी सांगितलं? आणि आईच्या नावासकट! हा अभय बोलत होता खरा, पण कडुबाला वाटलं त्याच्या तोंडून यमाकडचंच कुणीतरी बोलतंय. पत्ता काढत काढत आलं शेवटी.

पोरीनं मान वर केली. "आबा, मला बोलवू लागले."

"गप. तू कडूबाई हायस."

"आबा, पण..."

त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. अभय चहूकडं हाका मारत पुढं गेला, पलीकडच्या वॉर्डात गेला, तिकडूनही त्याचा आवाज येत राहिला. संस्कृती, संस्कृती. कडुबानं पोरीच्या कानांवरही हात ठेवले.

थोड्या वेळानं निलोफर तिथून चालली होती, ती त्याला बघून थांबली. दमलेली दिसत होती. त्याच्या शेजारीच बाकड्यावर टेकली.

"हाक ऐकलीत ना बाबा? डोळ्यांच्या दवाखान्यात विचारलं तेव्हा तिथल्यांनी जिचं नाव सांगितलं, ती पोर सापडत नाही बघा. डोळे अगदी आपल्या कडूबाईसारखे. तिचं रक्त डोळ्यांच्या दवाखान्यानं तपासलं, रिपोर्ट येऊन पडलाय. आपल्या शरीराचा जो मजकूर असतो ना, त्यातला एक तुकडाच नाही तिच्यात. डोळे आणि किडनी दोन्हींचा मजकूर त्या एका तुकड्यात असतो. दर तीन महिन्यांनी पोट तपासायला या म्हणून सांगितलं होतं तिच्या आईला. आलेच नाहीत. फोन बंद. वाळूजची घरमालकीण म्हणते, पोर कुठल्याशा दवाखान्यात आहे. म्हणून अभयला म्हटलं, बघ इथंच आली असेल तर."

कडुबा म्हणाला, "मंग ती... ती पोर ठणठणीत असंल की घरी."

"कशाची ठणठणीत!" निलोफर एकदम चिडली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, एव्हाना तिच्या पोटात गाठ झाली असेल तर? वाढत असेल. आपल्या कडूबाईचं आपण बघतोय तरी. त्या बिचारीचं कोण बघणार? तिला सांभाळणारं कुणी आहे की नाही, कुणास ठाऊक."

सांभाळणारं कुणी! अहो, ज्या पोरीला कडुबानं सगळ्या दुखण्यातून बाजूला काढून सुखरूप ठेवलं म्हणून रोज देवाला हात जोडले, तिच्याच पोटात गाठ वाढतेय म्हणे, आणि तिला बघायला कुणी नाही. त्याच्या डोक्यात सगळा गुंता झाला. किती पोरी? एक की दोन? गाठी किती? कडूबाईची एक, संस्कृतीची एक?

"डाक्टरीणबाई," त्यानं हळूच विचारलं, "ती सापडली तर काय होईल?"

"तिचा रिपोर्ट तयार आहे. तिची किडनी वाचवता येईल. खुदा की कसम, मी सर्जनसाहेबांच्या पाया पडेन. कडूबाईजवळ डॉक्टर आहे, पण रिपोर्ट नाही. तिच्याजवळ रिपोर्ट आहे, पण डॉक्टर नाही. नशीब बघा एकेकीचं." ती उठली. "चला, मला राउंडला जायचंय."

ती गेली. कडुबा बसून राहिला. त्याला बाजार समितीतला एक दिवस आठवला, एका कोपऱ्यात माप पडलेलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात रास, आणि सगळे खोळंबलेले. इथं तसंच झालं होतं, आणि दोन्ही कोपऱ्यांत मापाडी तोच. म्हणजे नाव सांगितलं तर किडनी वाचणार. पण नाव सांगितलं तर गाठ संस्कृतीची होणार, लखलखीत गोड नावाच्या पोरीची. नाही सांगितलं तर कडूबाई कडू राहणार, यम थुंकणार, पण किडनी जाणार. आणि उद्या दुसरीलाही झालं तर? मग नुसतं नाव कडू असून काय उपयोग! की असतो उपयोग? आपण नाही का जगलो? पण आपल्या पोटात कुठं गाठ होती? त्याला काही म्हणता काही ठरवता येईना. सत्तर वर्षं त्याचा एकच आडाखा होता आणि आज तोही त्याच्या हातातून निसटत चालला होता.

पोरीनं त्याची टोपी ओढली. अर्ध्या मिटल्या पापण्यांखालून ती त्याच्याकडं बघत होती.

"आबा, संस्कृती घरी एकलीच हाय का?"

"आं?"

"तिला गाठ झाली म्हणे. डाक्टर बाई रडू लागली." तिनं थोडा विचार केला. "तिला पण इकडं आणू या का? मी तिला माझी बिस्किटं दीन. ती भेत असंल एकली."

कडुबा चार वर्षांच्या पोरीपुढं रडला. भर हॉलमध्ये, टोपी तोंडावर धरून, मोठ्यानं. शेजारच्या बाईनं पाणी दिलं, तेही घेतलं नाही. मग पोरीला कडेवर घेतलं आणि तो निलोफरच्या मागं वॉर्डात पळाला. राउंड चालू होता, सर्जनसाहेब होते, सिस्टर म्हणाली आजोबा थांबा, तो थांबला नाही.

"डाक्टरीणबाई, कान इकडं करा."

"बाबा, आत्ता..."

"कान करा म्हणतो ना! मोठ्यानं बोलायचं नाय हे."

निलोफर वाकली. कडुबा तिच्या कानात कुजबुजला, "हाय ती. सापडली."

"कोण?"

त्यानं कडेवरच्या पोरीकडं डोळ्यानं खूण केली. निलोफरला कळेना. "कडूबाई? हो, मग?"

"कडूबाई नाय हो! ती... ती दुसरी. हीच ती. दोघी एकच हायेत."

निलोफर त्याच्याकडं बघतच राहिली. आणि मग पोरीनंच, फार वेळ दाबून ठेवलेला खेळ सोडून दिल्यासारखं, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझं नाव संस्कृती हाय!"

पुढचं काही विचारू नका. निलोफर आधी रागावली, एवढी रागावली की तिचं मराठी संपून सगळं दख्खनीत चाललं. "कितनी बार पूछी मैं तुमकू, बाबा! कितनी बार!" कडुबा मान खाली घालून ऐकत होता आणि मधेमधे व्हय म्हणत होता. मग त्यानं यमाचं सांगितलं, थुंकण्याचं सांगितलं, गेलेल्या दोन भावांचं सांगितलं. निलोफरचा राग हळूहळू उतरला. "आमच्या मामूंचं नाव फकीरा," ती शेवटी म्हणाली. "नानीला आधीची चार गेलेली. पण बाबा, मामू आजारी पडले की नानी त्यांना डॉक्टरकडं न्यायची हो."

अजिंठ्याला दीपमालाला फोन लावला. तिनं जन्मतारीख सांगितली, कोणत्या महिन्यात रक्त घेतलं ते सांगितलं, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कार्डाचा फोटो तिच्याकडं होता तो पाठवला. मग तिनं फोन सासऱ्याकडं द्यायला लावला.

"मामा," ती म्हणाली, "मी हौसेनं ठेवलं होतं ते नाव."

"व्हय, बाई," कडुबा म्हणाला. या वेळी त्याला प्रश्न समजला होता.

सर्जनसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि नुसती मान हलवली. जमेल तेवढी वाचवू म्हणाले. जमेलच असं बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी शिवराज सुरतेहून येऊन पोचला, सह्या केल्या आणि रक्तपेढीकडं धावला. पोरीच्या मनगटावरची कडूबाईची पट्टी कापून नवी बांधली. तिच्यावर नाव ठसठशीत. कडुबानं ती पट्टी बघितली आणि पदराआड दिवा झाकावा तसा तिच्यावर हात धरला. पण किती वेळ धरणार? आतून माणसं स्ट्रेचर घेऊन आली.

"आबा, मी जाते," पोर म्हणाली.

"जाते नाय म्हणायचं!" तो एवढ्या जोरात ओरडला की स्ट्रेचरवाला दचकला. "येते म्हण. म्हण, येते."

"येते," ती म्हणाली. दार लागलं.

अभय बाहेर बसणाऱ्यांची नावं विचारत होता. काही लागलं तर दारातून हाक मारावी लागते. "संस्कृतीचे आजोबा ना? नाव सांगा. कडुबा, नाही का?"

"नाय," कडुबा म्हणाला.

"नाही? मग?"

"गोडबा."

अभयनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, हात जोडतो तुम्हाला. एका नावानं एवढं रामायण झालं, आता तुम्हीही?"

"अरे लेकरा, कागदावर काय ते कडूच राहू दे. आजच्या दिवस हाक तेवढी गोडबा मार. मोठ्यानं मार. पोरगी गोड नाव घेऊन आत गेलीय. तो आलाच हिकडं, तर त्याला दारातच तिच्याहून गोड कुणीतरी बसल्यालं दिसलं पाहिजे. सत्तर वर्षं थुंकत आलाय मला. आज म्हणावं, घे."

अभयनं खाली मान घालून हाकेच्या यादीत तसं लिहिलं.

कडुबा दाराला अगदी खेटून बसला. टोपी नीट केली, धोतराचा सोगा नीट केला. डोक्यात गोंधळ होताच. आत एक पोर आहे की दोन, हे अजूनही त्याला धड सांगता आलं नसतं. शिवराज येऊन शेजारी बसला, चहा आणला, तो गार झाला. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत बाकड्यापर्यंत आलं. आणि मग दार थोडंसं किलकिलं झालं आणि आतून सिस्टरची हाक आली.

"गोडबा! गोडबा कोण आहे?"

कडुबा उठला. शिवराजच्या डोक्यावरून हात फिरवला. "येतो रे," म्हणाला. शिवराजला कळेना बाप असा का करतोय. कडुबा दारापाशी गेला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"मी हाय. चला."

"कुठं चला?" बाहेर येत निलोफर म्हणाली. तोंडावरची पट्टी खाली ओढलेली, घामानं चिंब, आणि हसत होती. "बाबा, डोळे उघडा. गाठ निघाली. निम्म्याहून जास्त किडनी वाचली. आता तपासण्या आहेत, औषधं आहेत, लई दिवसांचं काम आहे, पण वाचली."

कडुबानं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, मागं बघितलं, दाराच्या दोन्ही बाजूंना बघितलं. दुसरं कुणीच नव्हतं.

"मंग मला कामून हाक मारली?"

"ती शुद्धीवर यायला लागलीय. सारखी आबा आबा करतेय."